थ्री पॉइंट सेव्हन

दसरा सरला की सांगलीत कृष्णाकाठच्या हवेतला गाळाचा ओला वास हळूहळू वाळत जायचा, आणि मग एखाद्या सकाळी अर्धवट झोपेत असतानाच क्लबाच्या मागच्या पटांगणातून लोखंडी रोलरची घरघर कानावर यायची. पावसाळाभर गवताने बळकावलेलं बॅडमिंटनचं कोर्ट माणसांच्या ताब्यात परत येत असल्याची ती वर्दी. काळ्या मातीवर मुरूम पडे, मुरुमावर पाणी, पाण्यावर रोलर, आणि सगळ्यात शेवटी पातळ शेणकाल्याचा हात. तो वाळेपर्यंत कोणीही पाय ठेवायचा नाही असा कडक दंडक असे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून एका कुत्र्याच्या पावलांची रांग तिरकी, अगदी कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेली दिसे. मग सुतळी ताणून फक्कीच्या रेघा. तो मान ज्येष्ठांचा, सुतळीचं दुसरं टोक धरून उकिडवं बसायचा मान आमचा. नाकात फक्की, गुडघ्यांना शेण, आणि घरून येणारा चकलीच्या तळणीचा खमंग वास: दिवाळी जवळ आल्याचं आम्हाला कॅलेंडर बघून कळायची गरज नसे.

त्या कोर्टावरच्या रॅकेटी लाकडी होत्या. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफवून, वाकवून, एकमेकींना चिकटवून केलेल्या, दांड्यावर जालंधर नाहीतर मेरठचा शिक्का. फाळणीनंतर सियालकोट सोडून आलेल्या कारागिरांनी या दोन गावांत खेळाच्या सामानाचा धंदा नव्याने उभा केला होता, हे मला फार पुढे कळलं, तेव्हा फक्त व्हार्निशचा वास कळायचा. खेळ संपला की रॅकेट प्रेसमध्ये घालायची, चारही कोपऱ्यांचे नट सारखे आवळायचे, एक जरी जास्त पिळला गेला तरी महिन्याभरात चौकटीला पीळ पडलाच. दमट हवेत लाकूड फुगायचं, उन्हाळ्यात आक्रसायचं, आणि आतड्याचं गट तर त्याहून नाजूक, पावसाळ्यात मध्यरात्री कपाटातून एकदम ‘टण्ण’ असा आवाज यायचा आणि बाबा अंधारातच म्हणायचे, “गेलं.” हे गट बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्याचं असतं ही गोष्ट आजीपासून घरातल्या सगळ्यांनी मिळून लपवली होती, कारण ते कपाट देवघराला लागून होतं.

अशा घरात, सत्तरच्या दशकाच्या मध्यावरच्या एका दिवाळीत, विलायतेला नोकरी करणारा मामा आला. त्याच्या बॅगेला एक वेगळाच वास असायचा, साबणाचा, चामड्याचा आणि थंडीचा (थंडीला वास असतो, यावर माझा आजही विश्वास आहे), आणि त्या वासातून त्याने सगळ्यांसाठी काही ना काही काढून झाल्यावर, कपड्यांच्या अगदी तळाशी हात घालून, तिरकी ठेवलेली एक रॅकेट बाहेर ओढली. मी अंगाला उटणं लावलेल्या अवस्थेत, पंच्यावर उभा होतो. इतकी बारीक चौकट मी कधी पाहिली नव्हती. चौकट पोलादी, दांडा पोलादी, दोहोंना जोडणारा इंग्रजी टी अक्षराचा सांधा, आणि मुठीला नव्या चामड्याची ग्रिप.

“मामा, ही सगळी लोखंडाची?”

“पोलादाची. कार्लटन थ्री पॉइंट सेव्हन एक्स. आधी अंघोळ कर, तेलाचे हात लावू नकोस.”

आजीने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, “एवढीशी काडी ती. हिच्यापायी कस्टमवाल्यांना किती दिलेस रे?” मामा हसला, उत्तर दिलं नाही. त्या काळात परदेशी वस्तू घरात आली की तिच्या किमतीपेक्षा ती विमानतळावरून कशी सुटली याची कथा जास्त रंगायची, आणि ती कथा दर सांगण्यागणिक थोडी थोडी धाडसी होत जायची.

नावातला ३.७ हा आकडा वजनाचा, औंसांतला. म्हणजे सुमारे १०५ ग्रॅम. हे पडताळून पाहायला मी पाडव्यालाच ती रॅकेट क्लबात खेळायला येणाऱ्या एका सराफकाकांच्या पेढीवर घेऊन गेलो. वहीपूजनाच्या गडबडीत, झेंडूच्या पाकळ्या आणि हळदकुंकवाने माखलेल्या तराजूत त्यांनी ती आडवी धरून तोलली, आणि मग हौसेने स्वतःची लाकडीही तोलली, ती सव्वाशेच्या पुढे गेली. “वीस ग्रॅमचा फरक आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. सोन्याच्या माणसाला वीस ग्रॅम म्हणजे काय ते माहीत. त्या संध्याकाळी सगळ्या कोर्टाने एकेकदा ती हातात घेऊन हवेत फिरवली. लाकडी रॅकेट फिरली की ‘हूं’ असा भरीव आवाज यायचा. ही ‘सुईं’ करून जायची. जाड लाकडाला हवा अडवते, बारीक नळीला कमी अडवते, एवढंच त्यातलं शास्त्र, पण त्या सुईंकाराने माझं डोकं जे फिरलं ते पुढची काही वर्षं जाग्यावर आलं नाही.

या रॅकेटीचं कूळ मजेशीर आहे. बिल कार्लटन हे गृहस्थ मूळचे टायरच्या धंद्यातले. महायुद्ध संपल्यावर त्यांच्या कंपनीने प्लॅस्टिकची शटल करायला घेतली, आणि पिसांना पर्याय काढून झाल्यावर लाकडाला पर्याय म्हणून पोलादाकडे मोर्चा वळवला. तिकडे जपानात मिनोरू योनेयामांचा कारखाना मासेमारीच्या जाळ्यांना बांधायचे लाकडी तरंगे बनवत असे. प्लॅस्टिकचे तरंगे बाजारात आले, लाकडी तरंगे बुडाले, आणि १९५७पासून त्या कारखान्याने बॅडमिंटनच्या रॅकेटी करायला सुरुवात केली. त्याचंच पुढे योनेक्स झालं. म्हणजे एकाला प्लॅस्टिकने या खेळात आणलं आणि दुसऱ्याला प्लॅस्टिकने धंद्यातून हाकलून इकडे पाठवलं. पुण्याच्या माझ्या आतेभावांना मात्र हा सगळा इतिहास नामंजूर होता. खेळाचे नियम १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या साहेबांनी बांधले, विलायतेत लोक या खेळाला ‘पूना’ म्हणत, तेव्हा रॅकेट कुठलीही असो, खेळ आमचा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर सांगलीकरांकडे एकच उत्तर होतं आणि ते पुरेसं होतं: नंदू नाटेकर. १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशातलं विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू, १९६१ साली पहिल्याच यादीत अर्जुन पुरस्कार, आणि जन्म सांगलीचा. आतेभाऊ लाडू खात गप्प बसायचे.

नाटेकर जिंकले ते लाकडी रॅकेटीने. हे मला माहीत होतं, पण त्या वयात माणूस माहीत असलेल्या गोष्टींचा उपयोग करत नाही. माझा हिशेब सरळ होता: लाकडाने एवढं होत असेल तर पोलादाने किती होईल? बैठकीतल्या आरशासमोर मी त्यांच्या ऐकीव शैलीची, कारण प्रत्यक्ष खेळ पाहिलेला नव्हताच, तासन्‌तास नक्कल करायचो. मनगट सैल, डावा हात हवेत, चेहऱ्यावर मैदान गाजवून आलेल्या माणसाचा थकवा. थकवा उत्तम जमायचा.

प्रत्यक्षात ती रॅकेट खेळायची कशी, ते सांगायला मला इतकी वर्षं जावी लागली, कारण तेव्हा मी तिच्या प्रेमात होतो आणि प्रेमात पडलेला माणूस साक्षीला कामाचा नसतो. आता एवढं नक्की सांगता येतं की पोलादाचा दांडा वाकायचा. म्हणजे रॅकेट मागे नेऊन झटका दिला की मूठ आधी पुढे यायची, डोकं क्षणभर मागे रेंगाळायचं आणि मग उसळून यायचं. या रेंगाळण्याचा अंदाज घेऊन फटका थोडा आधी सुरू केला तर टॉस अलगद मागच्या रेषेपर्यंत जायचा, खांद्याला कळायचंही नाही की आपण काही केलं. घाई केली तर शटलचं फूल मधल्यामध्ये मरायचं. आमचे एक निवृत्त मास्तर होते, पांढरी हाफपँट आणि लोकरीचा मफलर घालून खेळणारे, ते नेटपलीकडून ओरडायचे, “अरे, तिला येऊ दे की! तू एकटाच कुठे चाललास?” संध्याकाळी बल्बांभोवती पाखरं घोंघावत असताना, वाऱ्याने फूल हातभर सरकत असताना, ‘तिला येऊ देणं’ म्हणजे नेमकं काय ते मी शिकत होतो, बहुतेक वेळा एका पिसाच्या किमतीवर. कोऱ्या फुलांना आम्हा पोरांचा हात लागायचाच नाही. सोळा पिसांपैकी चौदा शाबूत असलेली फुलं मोठ्यांकडून आमच्याकडे उतरायची, ती किटलीच्या वाफेवर धरून पिसांत जरा जीव आणायचा, आणि ओल्या पिसांचा तो कोंदट, बदकाळ वास बोटांना रात्रीच्या जेवणापर्यंत पुरायचा. फेब्रुवारीत त्यावर पेठेकडून वाऱ्याबरोबर हळदीचा वास चढायचा. अजूनही कुठे हळदीचं पोतं उघडलेलं दिसलं की माझं मनगट सैल पडतं.

पोलादाचा एक गुण लाकडाला कधी आला नाही, आणि आजच्या कार्बनलाही नाही: ते मोडण्याआधी वाकायचं. दुहेरीत मधल्या फुलावर दोघेही ‘माझं!’ म्हणून धावलो आणि रॅकेटी एकमेकींवर आदळल्या की लाकडी रॅकेटीचा तुकडा पडायचा, माझ्या रॅकेटीच्या कपाळाला फक्त पोचा यायचा. मग पायरीवर बसून, चौकट गुडघ्याला टेकवून, जीभ दातांत धरून ती हळूहळू पूर्ववत करायची. ती पुन्हा पुरती गोल कधी झाली नाही, दर हंगामाला जरा अधिक लांबोडकी होत गेली, आणि मी त्या आकाराचेही गुण शोधून काढले. ड्रॉपला बरी पडते, असं मी लोकांना सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे. त्या कोर्टावर एवढी सभ्यता होती.

मार्च १९८०मध्ये प्रकाश पदुकोणने ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात लिएम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं, आणि पेपरातला तो फोटो मी कापून वहीत चिकटवला तेव्हा वाऱ्याची दिशा बदलल्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण बदलली होती. कार्बनचे दांडे आले, मग सगळीच्या सगळी कार्बनची, सांधा नसलेली, शंभर ग्रॅमच्या खूप खाली उतरलेली रॅकेट आली. नव्वदच्या दशकात डोक्याचा लंबगोल जाऊन वरून चौकोनी आकार आला, त्यामुळे कडेच्या तारांनाही लांबी मिळाली आणि मधोमध न लागलेलं फूलही मुकाट्याने पलीकडे जाऊ लागलं. लाकूड गेलं, प्रेस गेली, त्यांच्यामागून पोलादही गेलं. क्लबाच्या मागचं कोर्टही गेलं, तिथे बंदिस्त हॉल झाला, आणि खरं सांगायचं तर तो झाला ते बरंच झालं. वारा नाही, पाखरं नाहीत, हिरव्या गादीवर गुडघे दुखत नाहीत, आणि मुली रात्री नऊपर्यंत निर्धास्त खेळतात. आमच्या वेळी कोर्टावर मुली नव्हत्याच. त्या शेणकाल्याच्या आठवणी काढताना मी हे मुद्दाम स्वतःला ऐकवतो.

मागच्या वर्षी माळ्यावरून ती रॅकेट खाली निघाली. सांध्यापाशी तांबूस गंजाची साय, ग्रिप बोट लावताच भुगा होणारी, तारांचा पत्ता नाही. पुण्यातल्या एका गटिंगवाल्या मुलाकडे नेली. त्याच्याकडे आकडे चमकणारं इलेक्ट्रॉनिक मशीन होतं. त्याने चौकट उलटीसुलटी करून पाहिली, नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला. “किती पाउंड घालू, काका? मी तर अठ्ठावीसच्या खाली कुणाला देत नाही हल्ली.”

“सोळा.”

“सोळा? काका, ती रॅकेट राहील की मच्छरदाणी होईल?”

पण त्याने मन लावून केलं. प्रत्येक भोकातून तार ओवताना आतून पोलादाची कड कापते म्हणून नळीचे बारीक तुकडे कापून बसवले, गंज घासला, आणि पैसे घेताना म्हणाला, “एकदा मला खेळून बघायचीय.” एवढ्यावरच मला त्या मुलाचं स्थळ कुणाला तरी सुचवावंसं वाटलं.

मग एका रविवारी पुतणीबरोबर खेळलो. ती विशीतली, तिची रॅकेट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅमची, आणि तिला माझी दया येत होती. पहिले काही फटके कोपरापर्यंत झिणझिणत आले. डोक्याच्या मधोमध जो नेमका पट्टा आहे तो चुकला की पोलाद तक्रार करतं आणि ती तक्रार सरळ हाडात नोंदवली जाते. ड्राइव्हला तर लाजच निघाली. तिचं फूल परत येईपर्यंत माझा दांडा आधीच्या फटक्यातून सावरतच असायचा. स्मॅश बऱ्यापैकी खाली उतरायचा, आवाजही सणसणीत, पण वेग असा की तिने मधल्या वेळात केस बांधले असते. सात्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३मध्ये जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश नोंदवला, त्या जगात माझा स्मॅश टपालाने गेल्याइतका शांत होता.

पण ड्रॉप! सैल तारांवर फूल क्षणभर मुक्कामाला थांबतं. तेवढ्या वेळात मनगट किंचित वळवायचं, जास्त नाही, चिमूटभर, आणि ते नेटवरून पलीकडे नुसतं सांडतं. नेटजवळ तर ती बारीक चौकट हातात आहे हेसुद्धा विसरायला होतं, पिसांचा स्पर्श थेट तळहातात कळतो. तिसऱ्या की चौथ्या ड्रॉपला पुतणी नेटपाशी पालथी पडता पडता राहिली. उठून म्हणाली, “हे काय होतं?” मी चेहऱ्यावर तो जुना थकवा आणला.

घरी येताना मात्र एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. आमच्या वेळी पंधराचा गेम असे आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळे. सर्व्हिस आपल्याकडे असताना चूक झाली तर जायची ती फक्त सर्व्हिस, समोरच्याच्या खात्यात काही जमा होत नसे. म्हणजे निम्म्या चुका फुकट होत्या. अशा हिशेबात वाकणारा दांडा, छोटा पट्टा, जोखमीचा ड्रॉप हे सगळं परवडायचं. फसलं तर ‘सर्व्हिस ओव्हर’ म्हणायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा, म्हणूनच ते गेम मोजमाप नसल्यागत लांबायचे आणि घरी दिवे लागून जायचे. २००६पासून एकवीसचा गेम झाला, प्रत्येक फेरीला गुण, प्रत्येक चुकीला दंड. या हिशेबाला चुका पोटात घालणारी रॅकेटच हवी, आणि ती कारखान्यांनी बनवली. पुतणीच्या रॅकेटीत ढिलाई नाही याला आजची मुलं जबाबदार नाहीत. आमच्या रॅकेटीत ती होती याचं श्रेयही आमचं नव्हे.

हे सगळं मी तिला पुढच्या रविवारी, मोजे चढवता चढवता, सविस्तर ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातातली कार्लटन काढून घेतली आणि स्वतःची माझ्या हातात दिली. “तुम्ही हिने खेळा, मी हिने. मग बोलू.” पहिले काही फटके तिने चौकटीवर मारले, दोन सरळ नेटमध्ये घातले, वैतागली, आणि मी नेटपलीकडून ओरडलो, “अगं, तिला येऊ दे की!” नंतर ती आली. अकरा-आठनंतर ती चांगलीच आली. मी तिच्या महागड्या, हलक्या, सगळं माफ करणाऱ्या रॅकेटीने एकवीस-चौदा हरलो, आणि आता सांगायला कुठलीच रॅकेट उरली नाही. कार्लटन सध्या तिच्याच किटबॅगमध्ये असते. परवा विचारत होती, अठरा पाउंड चालतील का म्हणून. मी म्हटलं, सोळाच्या वर एक पाउंडही नाही. आम्ही अजून भांडतो आहोत.